हाराजुकुला लेकीला घेऊन जायचंय, तिथे खरंच तसे नटलेले लोक दिसतात का?

चिंचवडची_आई
नमस्कार मंडळी, सुट्टीत टोकियोला चाललोय, नवऱ्याचं ऑफिसचं काम आणि आम्ही दोघी शेपूट. लेक 15 ची, वर्षभर एकच चालूये, कावाई कावाई (म्हणजे जपानीत गोंडस), डोक्याला पंधरावीस क्लिपा लावून क्लासला जाते, आजी म्हणते काय गं हे वाळत घातलंयस डोक्यावर. तिला हाराजुकुची ती नटलेल्या पोरांची गल्ली बघायचीये. मला भीती की एवढं लांब जायचं आणि तिथे नुसती दुकानं. फोटो काढलेले चालतात का? कपडे परवडतात का? कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज

निशीकासाईकर
ताई, इथे टोकियोत 7 वर्षं राहतोय, तुमची भीती अर्धी खरी आहे. ताकेशिता स्ट्रीट म्हणजे स्टेशनसमोरची जेमतेम साडेतीनशे मीटरची गल्ली, रविवारी तुळशीबाग परवडली एवढी गर्दी आणि त्यात निम्मे आपल्यासारखेच टूरिस्ट, हातात क्रेप. तुम्ही बघितलेले फोटो बहुतेक जुने असणार. पूर्वी रविवारी तिथला मोठा रस्ता गाड्यांना बंद असायचा, पोरंपोरी नटून तिथे जमायची, ते 1998 ला बंद झालं. फ्रूट्स नावाचं मासिक 1997 पासून अशाच रस्त्यावरच्या पोरांचे फोटो छापायचं, तेही 2017 ला थांबलं, ते काढणाऱ्या शोइची आओकींचं तेव्हा म्हणणं होतं की फोटो काढावा अशी पोरंच आता दिसत नाहीत. पण गल्ली सोडून लाफोरे मॉलच्या खालच्या मजल्यांवर जा, तिथे दुकानातल्या मुलीच पूर्ण नटलेल्या असतात, लेक तिथून हलणार नाही बघा. आणि 29 एप्रिल ते 5 मे टाळा, गोल्डन वीक असतो, अख्खा जपान सुट्टीवर.

एनथ्री_नापास
काकू, फोटो विचारूनच काढा हं, लांबून झूम करून तर अजिबात नको. "शाशिन तोत्तेमो ई देस का" एवढं पाठ करा, बहुतेक मुली लगेच पोज देतात, नाही म्हणाल्या तर सोडून द्या. दुसरं म्हणजे झालरींचे फ्रॉक घातलेल्या लोलितावाल्या मुलींना कॉस्प्ले म्हणू नका, त्या कुठलं पात्र झालेल्या नसतात, ते त्यांचे स्वतःचे कपडे असतात. लेकीच्या क्लिपांना डेकोरा म्हणतात, आजींना सांगा. नवीन लोलिता फ्रॉक तीस-चाळीस हजार येनला जातो, त्यापेक्षा क्लोजेट चाइल्डसारख्या सेकंडहँड दुकानात बघा, जपानी लोक कपडे असे जपतात की जुनं वाटतच नाही, पण साइझ लहान असतात आणि खूप दुकानात ट्राय करू देत नाहीत म्हणून मापं लिहून न्या. मी न बघता घेतलेला फ्रॉक आता मावसबहिणीची मुलगी घालते 😭 आणि हो, कावाई म्हणताना "कोवाई" म्हणू नका, त्याचा अर्थ भीतिदायक. मी एका बाईच्या कुत्र्याला म्हणाले होते.

पक्का_शाकाहारी
क्रेपच्या पिठात अंडं असतं बरं का, कोणी सांगत नाही.

निशीकासाईकर
@पक्का_शाकाहारी तुम्ही जपानला जाऊन काय खाल्लंत ते वेगळ्या धाग्यात लिहा, लोकांना उपयोग होईल 😂 ताई, पुरिकुराला मात्र नक्की जा, फोटोच्या बूथमध्ये डोळे बशीएवढे करून देतात, दोघींनी काढा. एक दिवस हाताशी असेल तर शिंजुकूहून केइओ लाइनने तामाला सॅनरिओ प्युरोलँड थीम पार्क, हॅलो किटीचं घरच ते, इनडोअर आहे त्यामुळे पावसाचं टेन्शन नाही, फक्त कुठल्या दिवशी बंद ते आधी बघून घ्या.

चिंचवडची_आई
सगळ्यांना खूप खूप थँक्यू! तारखा 8 मेनंतरच्या करतोय. लेकीने सगळं वाचलं आणि लगेच आत जाऊन आजीला म्हणाली आजी तू खूप कोवाई आहेस, आजी एकदम खूश, वाटलं कौतुकच चाललंय. अजून कोणी खरं सांगितलेलं नाही.