गच्चीवरची ढाबळ (पाळलेल्या कबुतरांचं घर) बंद करा म्हणणं बरोबर आहे का? पाळणारे, न पाळणारे दोघांनीही बोला

गच्चीवाला:
2025 च्या जुलैत मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करायची घोषणा विधान परिषदेत झाली, ऑगस्टमधे दादरला ताडपत्री टाकली, लोकांनी ती ओढून काढली, मग हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, हे सगळं आपण टीव्हीवर बघितलंय. तेव्हापासून आमच्या सोसायटीत (पुणे, पेठेतली, जुना वाडा पाडून झालेली) गच्चीवरच्या आमच्या ढाबळीवरून वाद पेटलाय. ढाबळ माझी आणि भावाची, होमर (लांब सोडलं तरी घरी परतणारी जात) जास्त आणि थोडे गिरेबाज (उडवायची दुसरी जात). वाडा होता तेव्हा आजोबांची होती, तेव्हा कोणी काही बोललं नाही. आता सोसायटीचं म्हणणं एकच, कबुतर म्हणजे रोग, काढून टाका.

माझं म्हणणं असं की रस्त्यावरचा पारवा आणि पाळलेलं कबुतर यात फरक करायलाच पाहिजे. कबुतरखान्यावर लोक पोत्याने चणे ओततात, पाखरू दिवसभर खातं आणि समोरच्या बिल्डिंगच्या एसीवर जाऊन बसतं. ढाबळीतलं पाखरू मोजून खातं. ज्वारी, बाजरी, मका, थोडा हरभरा आणि मूग, तेही उडून आल्यावरच, भुकेलं असतं म्हणून तर शिट्टीवर खाली उतरतं. रात्री सगळी आत, फळी बंद. विष्ठा ढाबळीतच पडते आणि ती आम्हीच खरवडतो. अंडी नको असतील तर लाकडी अंडी ठेवतो, जोडी त्यावर बसून राहते आणि संख्या वाढत नाही. हे कबुतरखान्यात कोण करतं? मग दोघांना एकच शिक्षा का?

ठाणेकरीण:
दादा तुम्ही फरक बरोबर सांगितलात पण तो तुमच्याच विरुद्ध जातो, आणि हे मी रागाने नाही काळजीने लिहितेय. माझ्या वडिलांनी बाल्कनीत लक्के पाळले होते, पांढरेशुभ्र, शेपटीचा पंखा करणारे, अतिशय स्वच्छ ठेवायचे, रोज झाडायचे. आणि त्या झाडण्यानेच घात केला. आधी नुसता कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, अंग दुखायचं, आम्ही व्हायरल म्हणून सोडून द्यायचो. मग जिन्याचे दोन टप्पे चढले की धाप. वजन उतरलं. शेवटी छातीचा एचआरसीटी स्कॅन केला तेव्हा कळलं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आणि तोवर फुफ्फुसाला फायब्रोसिस झाला होता, म्हणजे फुफ्फुस कडक झालं होतं, तो भाग परत मऊ होत नाही. आज घरात ऑक्सिजनचं मशीन आहे.

हा आजार 1965 मधे अमेरिकन डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट मांडला तो कबुतरं पाळणाऱ्यांमधेच, रस्त्याने जाणाऱ्यांमधे नाही. कारण पाखराच्या पिसांवर जी बारीक पावडर असते आणि वाळलेल्या विष्ठेची जी धूळ असते त्यातली प्रोटीन्स रोज थोडी थोडी आत जात राहतात, शरीर त्याविरुद्ध लढायला लागतं आणि स्वतःचंच फुफ्फुस सुजवतं. हे इन्फेक्शन नाही. पाखरू ठणठणीत निरोगी असलं तरी होतं. म्हणून "आमची पाखरं स्वच्छ आहेत" याने काही सिद्ध होत नाही. पारव्याला तुम्ही हातात घेत नाही, पाळलेल्याला छातीशी धरता.

कोल्हापुरी:
ताई वडिलांचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण बाल्कनीत पाळणं आणि ढाबळ यात जमीन अस्मानाचा फरक हाय. आमच्याकडं जुनी माणसं ढाबळ घराला चिकटून कधीच बांधत नव्हती, माळवदावर किंवा परड्यात, तोंड पूर्वेला म्हणजे सकाळचं ऊन आत येतं आणि पावसाचा मारा मागनं. बाल्कनीत काय होतं, तीन बाजूनी भिंत, चौथ्या बाजूला तुमची हॉलची स्लायडिंग, सगळी धूळ सरळ घरात. पंखा लावला की झालंच.

आणि कोरडं झाडायचं नाहीच मुळी. पाणी शिंपडायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग खुरप्यानं खरवडायचं, तोंडाला एन-95, ढाबळीचा शर्ट वेगळा आणि तो शर्ट घरात न्यायचा नाही. खाली जाळीची फळी टाकली तर विष्ठा खाली पडते, पाखरू त्यात चालत नाही, उडताना धूळ उठत नाही. प्रत्येक जोडीला फूटभर लांबरुंद खण पाहिजे नाहीतर नर एकमेकांना फोडतात. जाळी बारीक पाहिजे, मोठ्या जाळीतनं उंदीर शिरतो आणि पिल्लं संपवतो. पावसाळ्यात खाली ओल राहिली की हगवण लागलीच म्हणून समजा, दाण्याला बुरशी आली तर त्याहून वाईट. एवढं सगळं करणार असशील तर पाळ, नाहीतर नको, हे मी पण म्हणतो. पण "सगळ्यांनी बंद करा" हे मला पटत नाही. माणसं दिवसभर मोबाईलमधे मान घालून बसल्यात, त्यापेक्षा आभाळात बघणारा पोरगा मला बरा वाटतो.

चौथा_मजला:
मी गच्चीवाला यांच्यासारख्याच एका बिल्डिंगमधे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो म्हणून आमची बाजू लिहितो. ढाबळीतली कबुतरं आत झोपतात मान्य. पण दाणा सांडतो, त्या दाण्यावर रानटी पारवे येतात, ते आमच्या डक्टमधे घरटी करतात, आणि रात्री त्याच दाण्यावर उंदीर. पाळणारा म्हणतो ती आमची नाहीत. नसतील तुमची पण आली तुमच्यामुळेच ना? टाकीच्या झाकणावर पिसं असतात. माझ्या मुलीला दमा आहे, गच्चीवर पापड वाळत घालायचं आईने सोडून दिलं. आणि मुख्य म्हणजे गच्ची सामाईक आहे. वाड्यात तुमचे आजोबा मालक असतील किंवा सगळी भाडेकरू मंडळी एका विचाराची असतील, आता प्रत्येकाने पैसे मोजलेत.

होलानिरीक्षक:
मी पक्षी बघणारी आहे, माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कोणीच काढला नाही. तुम्ही सगळे माणसाच्या फुफ्फुसाबद्दल बोलताय, पाखराचं काय? ढाबळीतनं उडून परत येणाऱ्या होमरबद्दल माझी फार तक्रार नाही, ते पाखरू शेकडो पिढ्या माणसाजवळ वाढलंय, उडतं आणि स्वतःहून परत येतं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल आहे जे दोन फुटी पिंजऱ्यात होले (कबुतराच्या कुळातले छोटे पक्षी) कोंडतात. ठिपकेवाला होला, छोटा तपकिरी होला, कंठेरी होला, हे आपले रानपक्षी आहेत, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, पकडून पाळणं गुन्हा आहे. तरी पक्षीबाजारात मिळतात. हरियाल आपल्या राज्याचा पक्षी, तोसुद्धा पिंजऱ्यात विकायला ठेवलेला मी बघितलाय. कुंडीत होल्याने घरटं केलं तर साधारण चार आठवडे झाडाला पाणी लांबून घाला, पिल्लं आपोआप उडून जातात, "वाचवायला" म्हणून घरात आणू नका.

आणि ते उद्घाटनाला, लग्नाला पांढरी पाखरं सोडणं कृपा करून बंद करा. त्यात बऱ्याचदा पांढरे रिंगनेक (पाळीव जातीचे) होले असतात, त्यांना घर शोधायची ताकद नसते, बाहेर दाणा शोधायची सवय नसते, आणि पांढरा रंग शिकऱ्याला (शिकारी पक्ष्याला) लांबून दिसतो. टाळ्या वाजवून आपण त्यांना मरायला सोडतो. याचा मला फार त्रास होतो.

खिडकीतला_रिंगनेक:
मी नाशिकला फ्लॅटमधे रिंगनेकची एक जोडी पाळते, आणि वरचं वाचून वाटलं की मी गुन्हेगारच. रिंगनेक हा आपल्याकडचा रानपक्षी नाही, आफ्रिकेतल्या होल्यापासून माणसाने पाळीव केलेली जात आहे, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेली, बाहेर सोडलं तर तुम्हीच म्हणताय तसं मरेल. मग घरात सांभाळण्यात क्रूरता काय? माझा पिंजरा रुंद आहे, उंच नाही, कारण होला पोपटासारखा गजांवर चढत नाही, त्याला आडवं उडायला जागा लागते. रोज संध्याकाळी खोलीत मोकळे सोडते, पंखा बंद करून. एकटं कधी ठेवलं नाही. दोघं आळीपाळीने अंड्यावर बसतात, पिल्लू झालं की नर मादी दोघंही स्वतःच्या अन्नपिशवीत तयार झालेलं दुधासारखं काहीतरी भरवतात, माझ्या मुलाने हे बघून जेवढं शिकलं तेवढं पुस्तकातून शिकला नसता. मला खोकला नाही, काही नाही.

ठाणेकरीण:
@खिडकीतला_रिंगनेक, पाळणाऱ्या सगळ्यांना होत नाही हे खरंय. थोड्याच जणांना होतो, पण कोणाला होणार ते आधी सांगता येत नाही, आणि वडील पण "मला काही नाही" असंच वर्षानुवर्षं म्हणत होते. निदान झोपायच्या खोलीत पिंजरा ठेवू नका. आणि मुलाला कोरडा खोकला रेंगाळला किंवा साफसफाईनंतर चार ते आठ तासांनी कणकण आली तर डॉक्टरला आपणहून सांगा की घरात पक्षी आहेत. आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. लवकर कळलं आणि पाखरं लांब केली तर फुफ्फुस बऱ्यापैकी सावरतं. कोल्हापुरी भाऊ, तुमची मास्कची गोष्ट बरोबर आहे पण मास्क धूळ कमी करतो, शून्य नाही करत. ज्याला एकदा आजार झाला त्याला मास्क लावून पाळा हे सांगू नका कोणी.

जनावरांचा_डॉक्टर:
गच्चीवाला, पाखराच्या बाजूने दोन गोष्टी. ढाबळीतली पाखरं आणि रानटी पारवे एकाच भांड्यात पाणी प्यायला लागले की तुमची स्वच्छता वाया गेली. पॅरामिक्झो या विषाणूची लागण अशीच येते, मान मुरडते, दाणा टिपताना चोच भलतीकडे पडते, पाण्यासारखी विष्ठा. एकदा आली की ढाबळ रिकामी होते. लस द्या, नवीन आणलेलं पाखरू महिनाभर वेगळं ठेवा. घशात पिवळा चीजसारखा थर दिसला तर तो कँकर नावाचा आजार, तो पाण्यातून आणि आईबापाच्या भरवण्यातून पसरतो, त्याला औषध आहे पण मनाने अँटिबायोटिक मारू नका, ही सवय पाळणाऱ्यांमधे फार आहे आणि मला त्याचा संताप येतो. दाणा पाणी दोन्ही आत, जाळीच्या आड. चौथा_मजला यांची अर्धी तक्रार इथेच मिटते.

गच्चीवाला:
सगळ्यांचं वाचलं. दाणा आत घालणं, मान्य, उद्यापासून बाहेर एक दाणा पडणार नाही. पण ठाणेकरीण ताई, चौथा_मजला, मला याचं उत्तर द्या की बंद करायची म्हणजे नक्की करायचं काय? होमर आहेत ते. पाच सहाशे किलोमीटरवरून एका दिवसात घरी येणारी जात आहे. याच गुणावर ओरिसा पोलिसांनी 1946 पासून कबुतरांची टपाल सेवा चालवली, 1999 च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या तेव्हा हीच पाखरं निरोप घेऊन उडाली. हे पाखरू मी साताऱ्याला कोणाला देऊन आलो तर मी एसटीने घरी पोचायच्या आधी ते गच्चीवर बसलेलं असेल. ढाबळ मोडली तर ती पाखरं जाणार कुठे? ह्याच बिल्डिंगच्या एसीवर, खिडकीवर, डक्टमधे. आज त्यांची अंडी मी बदलतो, उद्या कोण बदलणार? म्हणजे तुम्हाला जे नकोय तेच तुम्ही तयार करताय.

चौथा_मजला:
हा मुद्दा मला खरंच माहिती नव्हता. पण मग याचा अर्थ कायम चालू ठेवा असा नाही होत. संख्या वाढवू नका, पिल्लं काढणं आजपासून बंद, नवीन आणू नका, आहेत ती त्यांच्या आयुष्यभर सांभाळा. मी तुमच्या सोसायटीत असतो आणि असं लेखी दिलं असतंत तर मीटिंगमधे तुमच्या बाजूने हात वर केला असता. नसतं दिलंत तर विरुद्ध.

कोल्हापुरी:
पिल्लं बंद म्हणजे ढाबळ दहा पंधरा वर्षांत संपली, ते पण हळूहळू. ही पण बंदीच झाली की. त्यापेक्षा महिन्याभराची पिल्लं, अजून बाहेर उडाली नाहीत अशी, बाहेरगावच्या पाळणाऱ्यांना द्या, ती तिथलीच होतात, परत येत नाहीत. जुनी पाखरं मात्र नवीन जागी कायमची कोंडून ठेवायला लागतात, ते मला बघवत नाही.

ठाणेकरीण:
मी तुमच्या मीटिंगमधे असते तर माझा हात विरुद्धच वर गेला असता, दादा. पाखरांचा प्रश्न खरा आहे आणि त्यांना रस्त्यावर आणा असं मी म्हणणार नाही, पिल्लं बंद करून आहेत ती जाळीत सांभाळा. पण तुम्ही आणि भाऊ दोघं रोज आत जाता. मीटिंग कधी का होईना, त्याआधी दोघांनी छातीच्या डॉक्टरकडे जाऊन पीएफटी (फुफ्फुस किती चालतं त्याची तपासणी) करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला तर मला सांगा, मला खूप बरं वाटेल.