अप्रेंटिसशिपच्या वर्षात पदवीचे शिक्षण सुरू करावे का?

वाघूरकाठ (यावल तालुका)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ बारावी विज्ञाननंतर फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय उत्तीर्ण झाला असून भुसावळला रेल्वेत एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपसाठी त्याची निवड झाली आहे. वडिलांचे म्हणणे असे की आधी हातातले काम नीट शिकून घे, पदवीचे पुढे पाहू. भाऊ मात्र म्हणतो की स्पर्धा परीक्षांना पदवी लागतेच, तेव्हा हे वर्ष रिकामे का जाऊ द्यायचे. एका महाविद्यालयात ‘नियमित बी.ए.ला नाव घाला, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ’ असे सांगण्यात आले. ते आम्हाला पटलेले नाही. शिवाय पदवीतच अप्रेंटिसशिप असलेले अभ्यासक्रम निघाले आहेत असे कानावर आले आहे. त्यांचा भावाला उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना निदेशक (भुसावळ)

भाऊ, हजेरीचा तो मार्ग धरू नका. अप्रेंटिसशिप पूर्णवेळ असते, आणि एकच मुलगा एकाच वेळी वर्कशॉपच्या आणि महाविद्यालयाच्या अशा दोन्ही हजेरीपटांवर दिसला, तर पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत उत्तर त्यालाच द्यावे लागेल, महाविद्यालयाला नव्हे.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांना पदवी देण्याचे काम करीत आहे. बारावी झालेली असल्याने बी.ए. किंवा बी.कॉम.ला त्याला प्रवेश घेता येईल. प्रवेशापूर्वी अभ्यासकेंद्रावर जाऊन संपर्क सत्रे (केंद्रावरचे प्रत्यक्ष वर्ग) कोणत्या वारी होतात आणि मागील परीक्षा कोणत्या महिन्यात झाल्या, हे विचारून घ्या. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या अप्रेंटिसशिपच्या कायद्यानुसार उमेदवाराला त्या आस्थापनेत चालतात त्या रजा व सुट्ट्या मिळतात. पदवीच्या परीक्षेसाठी म्हणून वेगळी रजा त्यात नाही. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीच परीक्षेच्या काळातील रजेविषयी लेखी विचारणा करावी.

एक गोष्ट मात्र वडिलांच्या बाजूने सांगतो. ज्या मुलाने आयटीआयमध्ये व्हाइसमध्ये (पकडयंत्रात) लोखंड धरून त्यावर कानस चालवून चौकोनी तुकडा काटकोनात आणला आहे, त्याला वर्कशॉपमध्ये खऱ्या मापाच्या, खऱ्या झिजेच्या वस्तूवर तेच काम पुन्हा शिकावे लागते, कारण तिथे तुकडा बिघडला तर दुसरा घ्या असे चालत नाही. वर्षाच्या शेवटी ट्रेडची परीक्षा असते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र हाती पडते. रेल्वेच्या लेव्हल १ च्या (सर्वांत खालच्या वेतनस्तरावरील पदांच्या) थेट भरतीत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. अर्थात भरतीची परीक्षा द्यावीच लागते, नोकरीची हमी कोणी देत नाही. दोन्हींचा अभ्यास अंगावर येऊ लागला, तर पदवीचा एखादा विषय मागे राहिलेला चालेल, ट्रेडची परीक्षा मागे राहता कामा नये.

प्राध्यापक (जळगाव)

पदवीतच अप्रेंटिसशिप असलेल्या अभ्यासक्रमांविषयी आपण ऐकले ते खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने याविषयी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांच्या पदवीत किमान एक व कमाल तीन सत्रे (सेमिस्टर), तर चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे विद्यार्थी उद्योगात प्रशिक्षण घेतो, त्याचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीतच धरले जातात आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते. परंतु ही रचना पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी, महाविद्यालय आणि उद्योग यांच्यातील कराराने उभी राहते. आपल्या भावाची रेल्वेतील अप्रेंटिसशिप आयटीआयच्या आधारावर मिळालेली असल्याने ती या चौकटीत बसणार नाही. घरात दुसरे कोणी बारावीत असेल, तर त्याच्यासाठी मात्र महाविद्यालयात जरूर चौकशी करा, आणि प्रशिक्षणाचा करार केंद्र शासनाच्या पोर्टलवर नोंदवला जातो का हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. माहितीपत्रकातील ‘इंडस्ट्री टाय-अप’ या शब्दांवर विसंबू नका.

पांझरा (धुळे)

माझे मत थोडे वेगळे आहे. मुलाला यंत्रांच्याच क्षेत्रात राहायचे असेल, तर बी.ए.पेक्षा पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा विचार व्हावा. बारावी विज्ञान किंवा दोन वर्षांचा आयटीआय यांच्या आधारे तो प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. हे अप्रेंटिसशिप संपल्यावर करावे लागेल, हे खरे. पण घाईपोटी पत्रव्यवहाराने अभियांत्रिकीची पदवी देऊ करणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच अशा पदव्यांविषयी स्पष्ट निकाल दिलेला आहे. आणि वाचून-लिहून परीक्षा देण्याकडेच त्याचा कल असेल, तर मुक्त विद्यापीठाची पदवी उत्तमच.

वाघूरकाठ (यावल तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाने मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचे ठरवले आहे. डिप्लोमाचे वडिलांना अधिक पटले, तो विषय वर्षाअखेरीस पुन्हा निघेल. आणखी एक शंका आहे. सुट्टीच्या दिवशी जादा कामाला बोलावले, तर संपर्क सत्र बुडेल. नकार देता येतो का?

जुना निदेशक (भुसावळ)

येतो. शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ काम सांगायचे झाल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची (या कायद्याखालील सरकारी अधिकाऱ्याची) मंजुरी लागते, आणि तीही ते काम प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचे असेल तरच मिळते. नगावर मजुरी देऊन काम करून घेण्यासही कायद्याची मनाई आहे. मात्र उर्मटपणे नाही म्हणण्यापेक्षा सत्रांचे वेळापत्रक हाती आले, की त्याची एक प्रत आपल्या निदेशकाकडे आधीच देऊन ठेवावी.