उन्हापेक्षा कॉलर्पा या समुद्री शेवाळाकडे बघा

बरेच जण म्हणतात की मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी खिडकीत ठेवली आणि तिच्यावर ऊन आलं की काचा हिरव्या होणारच. होतात, पण टाकीत मॅक्रोअल्गी, म्हणजे मोठं समुद्री शेवाळ, भरपूर असेल तर पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, तीच फस्त करते, काचेवरच्या शेवाळाला फारसं उरत नाही. खिडकी पूर्वेची असावी. पश्चिमेच्या उन्हाने एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, तेव्हा दुपारी पडदा ओढायचा.

खरी गंमत या मॅक्रोअल्गीतल्या कॉलर्पाची. लांबच लांब वेल, पानं, मुळांसारखे धागे, आणि हे सगळं मिळून एकच पेशी! त्यामुळे कात्रीने पानं छाटत बसू नका, आतला रस पाण्यात उतरतो. आडवा पसरलेला देठ धरून सबंध तुकडाच उपटा. कधीकधी ही बया एका रात्रीत पुनरुत्पादनावर येते: सकाळी पानं पांढरी, पारदर्शक, पाणी हिरवट दुधाळ आणि मासे वर येऊन धापा टाकतायत. तेव्हा आधी एअरपंप, मग पाणी बदलणं. ही कटकट नको असेल तर कीटोमॉर्फा ही दुसरी मॅक्रोअल्गी घ्या. दिसायला गुंतलेला नायलॉनचा दोरा, पण स्वभावाने गरीब.

उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड्या पाण्यानेच करा, मीठ टाकीतच राहिलेलं असतं. टाकीतल्या पाण्याची घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५ च्या आसपास ठेवा.

आणि उपटलेली कॉलर्पा खाडीत फेकू नका हो. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात तिची एक जात दिसली, ती पुढे किनारेच्या किनारे व्यापत गेली. उन्हात कडक वाळवून मगच कचऱ्यात टाका.