चौथ्या दिवशी कोण बरं करतं?

"एकिनेशियाच्या गोळ्या घेतल्या आणि चौथ्या दिवशी सर्दी गेली" या अनुभवाबद्दल शंका नाही (एकिनेशिया म्हणजे सर्दीवरचा उपाय म्हणून विकली जाणारी एक वनस्पती). शंका आहे ती श्रेय कुणाला द्यायचं याची. माणूस गोळी शोधतो ती नाक सर्वांत जास्त वाहत असताना, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यानंतर उतार पडणारच होता! औषधाने सात दिवस, नाहीतर आठवडा.

म्हणून गोळी न घेणाऱ्यांचा तुलनेचा गट लागतो. २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे सर्दीचा विषाणू, सोडला होता. एकिनेशियाच्या मुळांचे तीन वेगवेगळे अर्क देऊन पाहिले. ना संसर्ग टळला, ना लक्षणं कमी झाली. डोस कमी होता, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. पण मग डोस वाढवून फरक दाखवायची जबाबदारी विकणाऱ्यांची ना?

शिवाय बाटलीवर नाव एकच असलं तरी आत कुठली जात, मूळ की पानं, अर्क पाण्यात काढलेला की अल्कोहोलमध्ये, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यामुळे 'एकिनेशिया चालतं का' हा प्रश्नच नीट विचारता येत नाही.

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हेही खरं नाही. २००३ च्या मुलांवरच्या चाचणीत ते घेणाऱ्यांना अंगावर पुरळ जास्त आलं होतं.