शब्दचर्चा : डॉन्चिच ‘गेला’, ‘दिला’ की त्याची ‘बदली’ झाली?

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे वेडे असलेल्या आम्हा चार मित्रांत एक वाद बरेच दिवस चाललाय. सुरुवात माझ्या एका वाक्यावरून झाली. ‘2025च्या फेब्रुवारीत लुका डॉन्चिच डॅलस मॅव्हरिक्स सोडून लॉस एंजलिस लेकर्सकडे गेला’ असं मी लिहिलं होतं. एकाने लगेच ‘गेला’ खोडून ‘विकला’ केलं. दुसरा म्हणाला, विकला कुठे, ‘दिला’ म्हण. तिसऱ्याचं म्हणणं ‘हाकलला’. तो डॅलसचा चाहता आहे आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. बातमी आली तेव्हा डॅलसमध्ये 1 फेब्रुवारीची रात्र संपत आली होती. अनेकांना आधी वाटलं, पत्रकाराचं खातं कुणीतरी हॅक केलंय. डॉन्चिच, मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस लेकर्सकडे. अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा 2029चा पहिल्या फेरीचा निवडहक्क, म्हणजे लीगमध्ये नव्याने येणाऱ्यांतून खेळाडू निवडण्याची पाळी, डॅलसकडे. युटा जॅझ तिसरा भिडू. आदल्या वर्षी ज्याने संघाला अंतिम फेरीत नेलं तो पंचविशीतला खेळाडू असा ध्यानीमनी नसताना दुसरीकडे.

ट्रेड (म्हणजे संघांमधली खेळाडूंची अशी देवाणघेवाण), रोस्टर, वेव्ह, बायआउट हे शब्द देवनागरीत लिहायला माझी हरकत नाही, बोलताना आपण तेच वापरतो. पण नाम उसनं घेतलं तरी क्रियापद मराठीच लागतं, आणि क्रियापद आलं की कुणी केलं, कुणाच्या मर्जीने केलं, हे सांगावंच लागतं. तिथे आम्ही अडलोय. जाणकारांनी मदत करावी.

•

‘गेला’ चूकच. ‘सोडून गेला’ तर दुप्पट चूक, कारण त्यात इच्छा त्याची ठरते. त्याने बदल मागितला नव्हता, त्याला विचारलंही नव्हतं. उलट डॅलसमध्ये राहिला असता, तर त्या उन्हाळ्यात पाच वर्षांसाठी सुमारे 34.5 कोटी डॉलरचा करार त्याला मिळू शकला असता. तो दरवाजा संघ बदलताक्षणी बंद झाला. ज्याचं एवढं हातचं गेलं त्याच्याबद्दल ‘सोडून गेला’ लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

‘विकला’ही नको. फुटबॉलमध्ये एक क्लब दुसऱ्याला पैसे मोजतो, तिथे ‘विकला’ खपतं. आपल्याकडे तो शब्द क्रिकेटच्या लिलावातून आलाय आणि सगळ्याच खेळांना चिकटतोय. एनबीएतल्या या व्यवहारात खेळाडूंच्या बदल्यात खेळाडू आणि निवडहक्क गेले. विक्री नाही झाली.

मी ‘दिला’च्या बाजूने आहे. ‘डॅलसने डॉन्चिच दिला आणि डेव्हिस घेतला.’ छोटं, सरळ, कर्ता स्पष्ट.

•

‘दिला’ वाक्यात छान बसतं, पण त्याचं नाम काय करणार? ‘देणं’ म्हणजे कर्ज, ‘देणगी’ म्हणजे दान.

मला वाटतं शब्द आपल्याकडे आहे आणि तो अगदी नेमका आहे : बदली. नोकरीतल्या बदलीत काय होतं बघा. हुकूम वरून येतो. नोकरी तीच राहते, पगार तोच, सेवेची वर्षं तीच, फक्त गाव आणि साहेब बदलतो. एनबीएच्या ट्रेडमध्ये हेच घडतं. खेळाडूचा करार मोडून नवा होत नाही. आहे तोच करार, उरलेल्या वर्षांसह आणि ठरलेल्या पगारासह, नव्या संघाकडे जातो. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हक्क, म्हणजे पगारमर्यादा ओलांडून आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करण्याची सवलत, तोही त्याच्याबरोबर नव्या संघाकडे जातो. सेवा खंडित होत नाही.

बदली नाकारण्याचा अधिकार असलेले खेळाडू अगदी मोजके. करारात ते कलम मागायचं तर लीगमध्ये आठ वर्षं आणि त्याच संघात चार वर्षं झालेली असावी लागतात, आणि तरीही संघ ते क्वचितच देतो. बाकी सगळ्यांनी हुकूम आला की सामान बांधायचं. ‘डॉन्चिचची लेकर्सकडे बदली झाली’ या वाक्यात त्याची असहायता न सांगता कळते.

•

अहो, पण ‘बदली खेळाडू’चं काय? मराठी क्रीडापानांवर कित्येक वर्षं ‘बदली खेळाडू’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी मैदानात उतरणारा. ‘डेव्हिस बदली आला’ असं वाचलं तर मला वाटेल बाकावरून उठून आला. पटकन बातमी वाचणाऱ्याची फसगत होणारच.

•

हरकत रास्त आहे, पण भाषेने ती आधीच सोडवलेली आहे. ‘बदली म्हणून आला’ आणि ‘बदली होऊन आला’ यांत कुणाचाच गोंधळ होत नाही. पहिला दुसऱ्याच्या जागेवर येतो, दुसरा दुसऱ्या ठिकाणाहून येतो. ‘बदली’ विशेषणासारखा खेळाडूला चिकटवला तर राखीव. ‘खेळाडूची बदली’ अशी षष्ठी आली की ट्रेड. एवढं पाळलं तर शब्द निर्धास्त वापरता येईल.

•

मी वेगळं टोक धरतो. तुम्ही सगळे खेळाडूच्या बाजूने बघताय, ते योग्यच आहे. पण चाहत्यांचा वाद जेव्हा ‘आपल्या संघाने बरोबर केलं का’ यावर असतो, तेव्हा ‘बदली’ अपुरा पडतो. बदलीत मोबदला नसतो, ट्रेडमध्ये तोच तर गाभा. तिथे ‘अदलाबदल’ किंवा ‘सौदा’ हवा, आणि या दोघांत फरक आहे.

‘अदलाबदल’ कुणाची बाजू घेत नाही. हे तिकडे, ते इकडे, एवढंच सांगतो. ‘सौदा’ म्हटलं की हिशेब आला. सौदा फायद्याचा असतो, घाट्याचा असतो, महागात पडतो, पथ्यावर पडतो. म्हणून माझा नियम असा, की त्या दिवशीच्या बातमीत ‘अदलाबदल’ लिहावं आणि ‘सौदा’ काही वर्षं राखून ठेवावा.

पाउ गॅसॉलचं उदाहरण घ्या. 1 फेब्रुवारी 2008ला मेम्फिस ग्रिझलीजने त्याला लेकर्सला दिलं. बदल्यात क्वामे ब्राउन आणि आणखी काही किरकोळ वाटणारी नावं, दोन निवडहक्क आणि पाउच्या धाकट्या भावाचे, मार्कचे हक्क. मेम्फिसला लुटलं म्हणून गदारोळ झाला. लेकर्सने 2009 आणि 2010 अशी लागोपाठ विजेतीपदं घेतली तेव्हा तर निकालच लागला असं वाटलं. पण तोच धाकटा भाऊ मेम्फिसचा आधारस्तंभ झाला आणि 2013 साली लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढे 2019च्या फेब्रुवारीत त्याचीही बदली टोरोंटोला झाली आणि जूनमध्ये ते विजेते झाले. आता सांगा, 2008चा तो घाट्याचा सौदा होता का? मला तसं म्हणवत नाही.

डॅलसबाबत मात्र चाहत्यांनी वाट पाहिली नाही. सरव्यवस्थापक निको हॅरिसनला काढा अशा घोषणा घरच्याच प्रेक्षागारात घुमत राहिल्या, आणि 2025च्या नोव्हेंबरमध्ये त्याला काढलंही. मधल्या काळात अवघी 1.8 टक्के शक्यता असताना डॅलसला नवोदितांच्या निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिली निवड लागली आणि कूपर फ्लॅग हा नवा खेळाडू मिळाला. त्यामुळे ‘सौदा’ हा शब्द इथेही मी अजून दहा वर्षं तरी हातात धरणार नाही.

•

तुमचा नियम पटला, पण रागावलेल्या चाहत्याला दहा वर्षं थांबा म्हणणं शक्य नाही हो. त्याला आजच ‘सौदा’ हवा असतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

•

एक छोटी भर. ‘हंगामाच्या मध्यात’ सगळीकडे दिसतं, पण बदल्यांची मुदत संपते फेब्रुवारीत, तेव्हा 82पैकी पन्नासेक सामने होऊन गेलेले असतात. मध्य केव्हाच मागे पडलेला. मी ‘ऐन हंगामात’ लिहितो. ‘ऐन’मध्ये नेमक्या, मोक्याच्या वेळेचा अर्थ आहे : ऐन वेळी, ऐन उमेदीत. ‘भर’ वेगळा, त्यात उघड्यावर, सगळ्यांदेखत असा भाव येतो : भर सभेत, भर रस्त्यात. डॉन्चिचची बदली ऐन हंगामात झाली. हॅरिसन बार्न्सची 2019च्या फेब्रुवारीत भर सामन्यात झाली. तो डॅलसकडून खेळत होता, खेळ चालू असतानाच सॅक्रामेंटोला पाठवल्याची बातमी फुटली, आणि तो बाकावर बसून आपल्या आता माजी झालेल्या सहकाऱ्यांचा सामना बघत राहिला. इथे ‘ऐन’ घातलं तर प्रसंगाची धग जाते.

•

ट्रेडवर खूप बोललो, पण माझा जीव अडकलाय तो संघाबाहेर काढण्याच्या शब्दांत. क्रीडापानं ‘डच्चू’ आणि ‘नारळ’ आलटून पालटून वापरतात आणि मला ते खटकतं.

डच्चू मिळतो तेव्हा खेळाडू निवडीतून वगळला जातो. त्याचा करार शाबूत असतो, पगार चालू असतो, उद्या पुन्हा घेतला जाऊ शकतो. नारळ दिला म्हणजे निरोपच. एनबीएमध्ये ‘वेव्ह’ करणं म्हणजे नारळ. सामन्याच्या दिवशी बाहेर बसवणं म्हणजे डच्चू.

नारळ दिल्यावरही खेळाडू लगेच मोकळा होत नाही. 48 तास त्याचं नाव सगळ्या संघांपुढे असतं. कुणी दावा केला तर आहे तो करार उचलून त्याला घ्यावं लागतं, एकाहून जास्त दावे आले तर सर्वांत वाईट कामगिरीच्या संघाला आधी मान. कुणीच पुढे आलं नाही तर तो ‘मोकळा’ होतो. म्हणून ‘मोकळा केला’ आणि ‘मोकळा झाला’ यांत दोन दिवसांचं अंतर आहे, बातमी लिहिताना ते पाळायला हवं.

आता बायआउट. यात खेळाडू ठरलेल्या पगारातली काही रक्कम सोडतो, संघ उरलेली देतो, आणि दोघं एकमेकांपासून सुटतात. नारळ एकतर्फी असतो, हे दोघांच्या संमतीने. यासाठी मी ‘फारकत’ सुचवतो. आज हा शब्द ऐकला की घटस्फोट डोळ्यांसमोर येतो, किंवा पक्षाने एखाद्या वक्तव्यापासून घेतलेली फारकत. पण मुळात तो ‘फारखत’ : हक्क आणि येणं सोडल्याचा, सुटकेचा कागद. शेवटचं ‘खत’ म्हणजे लेख, खरेदीखतातलं तेच. काही रक्कम सोडली, कागद झाला, मोकळे झालो. बायआउट याहून वेगळं काय असतं?

फारकतीला तारखेचं बंधन आहे हेही सांगून ठेवतो. 1 मार्चच्या आत जुन्या संघाने सोडलं नाही, तर तो खेळाडू त्या वर्षी दुसऱ्या संघाकडून बाद फेरीत खेळू शकत नाही. फेब्रुवारीचा उत्तरार्ध म्हणून फारकतींचा असतो.

•

‘फारखत’चं वाचून फार आनंद झाला. जुना शब्द असा पुन्हा कामाला लागलेला बघायला मिळणं दुर्मिळ.

‘रोस्टर’साठी मी ‘पट’ म्हणेन. शाळेच्या पटावर नाव असतं तसं संघाच्या पटावर. नेहमीचे करार जास्तीत जास्त पंधरा, शिवाय तीन टू-वे, म्हणजे मुख्य संघ आणि जी लीगमधला दुय्यम संघ यांत ये-जा करणारे. या तिघांचे सामने पन्नासपर्यंत मर्यादित, आणि बाद फेरीत त्यांना जागा नाही. मी त्याला ‘ये-जा करार’ म्हणतो, ‘दुहेरी’ने काहीच कळत नाही. आणि ‘पटावरून नाव कमी केलं’ ही तर तयार शब्दयोजना आहे, ‘नारळ दिला’ जिथे कठोर वाटेल तिथे उपयोगी.

रशीद वॉलेसची गोष्ट या शब्दाने किती सहज सांगता येते. 2004च्या फेब्रुवारीत पोर्टलंडहून अटलांटाच्या पटावर आला, एकच सामना खेळला, लगेच डेट्रॉइटला बदली, आणि त्याच वर्षी विजेता.

‘हंगामी’पासून मात्र सांभाळा. दहा दिवसांच्या करारावर आलेल्याला ‘हंगामी खेळाडू’ लिहिलेलं वाचलंय. हंगामी म्हणजे तात्पुरता हे खरं, पण खेळाच्या बातमीत हंगाम म्हणजे सीझन, त्यामुळे वाचणाऱ्याला पूर्ण हंगामाचा करार वाटतो. 5 जानेवारीपासून हे दहा दिवसांचे करार करता येतात, एका संघाशी एका हंगामात जास्तीत जास्त दोन. सरळ ‘दहा दिवसांचा करार’ म्हणावं, त्याहून स्पष्ट शब्द मला सुचत नाही.

•

सगळ्यांचे आभार. मित्रांना सगळं वाचून दाखवलं. ‘हाकलला’वाला अजून हटत नाही, पण ‘सोडून गेला’ मी मागे घेतलं.

शेवटचा एक पेच उरलाय. त्याच आठवड्यात लेकर्सने शार्लटशी मार्क विल्यम्ससाठी सौदा केला होता, माफ करा, अदलाबदल केली होती. डाल्टन नेक्ट तिकडे जायचा होता. विल्यम्स वैद्यकीय तपासणीत उतरला नाही, व्यवहार रद्द झाला आणि मुदत टळून गेल्यामुळे लेकर्सला दुसरा करताही आला नाही. नेक्ट पुन्हा लेकर्सच्याच जर्सीत. त्याच्याबद्दल काय लिहू? ‘परतला’ म्हटलं तर तो आपणहून परत आला असं वाटतं. ‘परत पाठवला’ म्हटलं तर दोष त्याच्यात निघाला असं. ‘फिसकटला’ही चालत नाही, फिसकटतं ते ठरण्याआधी, हे ठरून जाहीर झालं होतं.

•

‘नेक्टची बदली रद्द झाली.’