शब्दचर्चा : व्हाइसचा ‘जॉ’, क्लॅम्प आणि शिकंजा

पुस्तिकावाली :
छत्रपती संभाजीनगरला फिटर आणि मशिनिस्टचं काम शिकणाऱ्या पोरांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका लिहितेय. पहिला धडा जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, पकडण्याचा, आणि पहिल्याच पानावर अडले. दोन जबड्यांत जॉब आवळून धरणाऱ्या व्हाइसला व्हाइसच म्हणणार, त्यात वाद नाही. पण ‘जॉ’ (त्याचा जबडा), ‘सॉफ्ट जॉ’, ‘क्लॅम्प’ आणि ‘व्हाइस क्लॅम्प’ यांना मराठीत काय लिहू? एका भल्या माणसानं करून दिलेल्या यादीत सॉफ्ट जॉला ‘मृदुहनू’ आहे; हनू म्हणजे जबडा. वाचल्यापासून डोळ्यांपुढं मारुतीच येतोय.

तिसरी शिफ्ट :
ताई, वाळूजला बावीस वर्षं मिलिंगवर, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापायच्या मशीनवर आहे. हनू कधी ऐकला नाही, जबडाही कुणी म्हणत नाही. सगळे जॉच म्हणतात. पण शब्द ठरवायच्या आधी वस्तू वेगळ्या करा, नाहीतर एका नावाखाली तीन वस्तू जातील.

बेंच व्हाइसच्या जॉवर आडव्यातिडव्या रेघांचे दाते असतात आणि पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं. कानस मारताना जॉब हलू नये म्हणून तो चावतोच. कच्च्या मालाला चालतं. तयार पृष्ठभागावर मात्र छाप पडते आणि जॉब रिजेक्ट. म्हणून ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पत्रा काटकोनात वाकवून जॉवर टोपीसारखा घालतात. आयटीआयमध्ये त्यालाच ‘व्हाइस क्लॅम्प’ म्हणतात. नाव क्लॅम्प, पण तो स्वतः काहीच आवळत नाही. तुमच्या पोरांचा इथंच गोंधळ होणार. आणि मशीनच्या टेबलावर बसवतात त्या मशीन व्हाइसवरचा सॉफ्ट जॉ ही तिसरीच चीज. त्यावर रात्री लिहितो, आता पंचिंगची वेळ झाली.

उदगीरचे मास्तर :
आमच्या वेळी मराठी पुस्तकात व्हाइसला ‘शेगडा’ छापलेलं असायचं. परीक्षेत शेगडा लिहायचा आणि वर्कशॉपमध्ये व्हाइस मागायचा. एकदा नव्या पोराला मुद्दाम म्हणालो, ‘जा, शेगडा पुसून ठेव.’ तो चहावाल्याकडं जाऊन शेगडी पुसून आला. त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला.

आपल्याकडं मुरलेला शब्द म्हणजे शिकंजा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, त्यामुळं कारागिरांच्या तोंडी फारसी-दखनी शब्द बसलेले. पेच (स्क्रू), रंदा, खराद (लेथ), शिकंजा, सगळे त्याच वाटेनं आले. शिकंज्याचा फारसीतला अर्थ मात्र भयंकर आहे: छळ, आणि छळ करायचं दाबयंत्रही.

नुसता वाचक :
मास्तर, एवढं श्रेय निजामाला देऊ नका. रंदा पुण्यातही रंदाच. फारसी शब्द सगळ्या महाराष्ट्रात एवढे माजले होते की शिवकाळात त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करावा लागला.

उदगीरचे मास्तर :
मान्य. पण कोश दरबारासाठी होता. सुताराला कुणी विचारलं नाही म्हणून रंदा वाचला.

बांधणीकाम :
परभणीत आमचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे, आजोबांपासून. शिकंजा आमच्याकडं रोजचा. दोन जाड फळ्या, दोन पेच, मधे खळ लावलेली पुस्तकं, रात्रभर दाबून ठेवायची. पण शिकंजा ‘पकडत’ नाही हो, तो ‘दाबतो’. सगळ्या पानावर सारखा दाब आला पाहिजे, एका जागी जास्त पडला तर पाठीला वळ उठतो. जॉब हलू नये एवढंच ज्याचं काम, त्याला मी तरी शिकंजा म्हणणार नाही. सुतार लांब दांड्याच्या क्लॅम्पला शिकंजा म्हणतात ते पटतं, कारण फळ्यांचे सांधे चिकटवताना तेही दाबायचंच काम आहे.

द्राक्षबाग :
मेकॅनिकल शिकलो आणि शेतीत आलो, जालना जिल्हा, कडवंचीच्या बाजूला. व्हाइसचं मूळ सांगतो. जुन्या फ्रेंचमध्ये ‘व्हिस’ म्हणजे पेच, मळसूत्र. तो आला लॅटिनमधल्या ‘व्हिटिस’वरून, म्हणजे द्राक्षाची वेल! वेलीची बाळी तारेला कशी गोल गोल पिळा घालून धरते ते पाहिलंय ना? तोच पीळ. म्हणजे त्यांच्या शब्दात मान पेचाला आहे, जबड्याला नाही. आम्ही छाटणीनंतर त्याच बाळ्या खुडत बसतो.

पुस्तिकावाली :
वा! हे पुस्तिकेत चौकटीत घालते. म्हणजे इंग्रजीनं नाव दिलं आवळणाऱ्या पेचावरून. मराठीत नाव कशावरून पडतं?

उदगीरचे मास्तर :
चाव्यावरून. सांडशी घ्या. मूळ संस्कृत ‘संदंश’, त्यात दंश आहेच. सुश्रुतसंहितेत वैद्याची एकशे एक यंत्रं सांगितलीत, त्यात संदंश दोन: एक सनिग्रह, एक अनिग्रह. म्हणजे एकाला अडकवायची सोय, दुसऱ्याला नाही. आपला लॉक होणारा ग्रिप प्लायर हा सनिग्रह संदंशच की. फुलीच्या आकाराच्या स्वस्तिक यंत्रांना तर तोंडावरूनच नावं: सिंहमुख, व्याघ्रमुख, काकमुख. म्हणून जॉला ‘मुख’ म्हणावं असं माझं मत.

तिसरी शिफ्ट :
मास्तर, हात जोडतो. शॉपमध्ये ‘सनिग्रह संदंश आण’ म्हणलं तर पोरगं सरळ घरी जाईल.

मुखाबद्दल शंका अशी, की मुखात वस्तू जाते. व्हाइसमध्ये वस्तू दोन जॉच्या मधे राहते, आणि ते दोन जॉ सारखे नसतात. एक जागेवर पक्का, दुसरा सरकणारा. कटरचा जोर नेहमी पक्क्या जॉवर जावा असा जॉब लावतात, कारण माप त्याच्याशी जुळवलेलं असतं. सरकणारा जॉ आवळला की किंचित वर उठतो आणि जॉबलाही उचलतो. मग जॉबखाली ठेवलेले पॅरलल, म्हणजे समांतर पट्ट्या, हातानं हलायला लागतात. ‘जॉब बसला नाही’ म्हणतात ते यालाच. चांगल्या व्हाइसमध्ये आतला नट तिरप्या खाचेतून जॉला ओढतो, त्यामुळं तो पुढं सरकताना खालीही दबतो. तरी शेवटी मऊ हातोडीनं टिचकी मारून पॅरलल घट्ट झाले का ते बघायचंच. कास्टिंग खडबडीत असेल तर सरकत्या जॉच्या आणि जॉबच्या मधे एक गोल सळई आडवी ठेवतो. दाब एका रेघेवर येतो आणि जॉबची चांगली बाजू पक्क्या जॉला सपाट टेकते. पुस्तिकेत हे घालाच, कुणी लिहीत नाही.

आता क्लॅम्प. मशीनच्या टेबलावर टी-बोल्ट, वर पट्टी, पट्टीचं एक टोक जॉबवर, दुसरं मागच्या ठोकळ्यावर. या ठोकळ्याला यादीत काय लिहिलंय माहीत नाही, मी ‘टेकू’ म्हणतो. टेकू जॉबपेक्षा कणभर उंच पाहिजे, आणि बोल्ट टेकूजवळ नव्हे, जॉबजवळ पाहिजे. हिशोब सोपा आहे. टेकू ते जॉब १०० मिमी धरा. बोल्ट जॉबपासून ३० मिमीवर असेल तर बोल्टच्या ताणाचे ७० टक्के जॉबवर जातात. तोच बोल्ट ७० मिमीवर नेला तर ३० टक्केच, बाकीचा जोर टेकू खातो. नवीन असताना मी नेमकं उलटं केलं होतं. शेजारचा बीडचा गडी ओरडला, ‘आरं जॉब हलायलाय!’ स्टॉप दाबेपर्यंत कटर गेला, जॉब गेला, आणि माझा त्या महिन्याचा बोनसही गेला. कारखान्याचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती.

नुसता वाचक :
‘टेकू’ फार आवडला. सरकारला जसा बाहेरून टेकू असतो तसाच. सगळा जोर तोच खातो.

पुस्तिकावाली :
मग क्लॅम्पला?

तिसरी शिफ्ट :
क्लॅम्पला नाम शोधत बसू नका. आपल्या बोलीत हे काम क्रियापदं करतात. पट्टीनं जॉब ‘दाबतो’, व्हाइसमध्ये ‘आवळतो’, लेथच्या चकमध्ये ‘धरतो’, पाइप रेंच ‘चावतो’. नवीन पोराला ‘क्लॅम्प कर’ म्हणलं तर तो जोर लावतो, पाइप घालून हँडल लांब करतो, आणि एक दिवस व्हाइसचं ओतीव अंग तडकतं. ‘दाब, पण वाकवू नको’ म्हणलं की त्याला कळतं. पातळ जॉब आवळून वाकतो, त्यावरच मिलिंग होतं, पृष्ठभाग एकदम सपाट दिसतो. सोडला की जॉब पुन्हा आपल्या आकाराला जातो आणि सपाटी गेली.

बांधणीकाम :
हे मला आधी कळलं असतं तर शिकंज्यावरून एवढं भांडले नसते. पण दादा, सॉफ्ट जॉचं राहिलंच.

तिसरी शिफ्ट :
हां. सॉफ्ट जॉ म्हणजे ॲल्युमिनियमचे किंवा पाणी न दिलेल्या साध्या स्टीलचे दोन ठोकळे, व्हाइसला बोल्टनं बसवलेले. मशीनवर चढवून, जागेवरच त्यात जॉबचा आकार कापायचा. त्या आकारात जॉब ठेवला की दहावाही तिथंच बसतो आणि शंभरावाही. दोनचार मिलिमीटरची पकड पुरते, कारण जॉब सगळीकडून वेढलेला असतो. चौकोनी जॉबसाठी कोपऱ्यात आधी ड्रिल मारून जागा सोडायची, कारण कटर गोल, तो कोपरा गोलच ठेवतो आणि जॉबचा काटकोन त्यात अडतो. चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकली की जॉब तिरका, म्हणून दर वेळी हवा मारायची.

‘मऊ जबडा’ म्हणू नका एवढंच. मऊपणा ही त्याची खुबी नाही, मऊपणामुळं तो कापता येतो ही खुबी आहे.

द्राक्षबाग :
दाते नाहीत म्हणून ‘बोळकं’?

उदगीरचे मास्तर :
नाही जमत. गुळगुळीत कडक जॉही बिनदाताचाच असतो. सॉफ्ट जॉ कापडासारखा एका अंगासाठी बेतलेला. ‘बेतीव जबडा’ म्हणा हवं तर.

बांधणीकाम :
आईनं आत्ता कवळी काढून वाटीत ठेवली आणि डोक्यात आलं. कवळी! ती मापावर बनवतात, काढता-घालता येते, एका तोंडाची दुसऱ्याला बसत नाही, आणि खालचं हाड तेच राहतं. शिवाय ‘कवळणे’ म्हणजे मिठीत घेणं. विड्याच्या पानांची कवळी असते तीही एकत्र धरलेलीच.

तिसरी शिफ्ट :
ताई, थांबा. हे बरोबर आहे. हार्ड जॉ चावतो आणि सॉफ्ट जॉ कवळतो. बावीस वर्षं हातानं तेच करतोय, बोलता येत नव्हतं.

उदगीरचे मास्तर :
मुख मागे घेतो. तेवढं व्हाइस क्लॅम्पचं ठरवा.

पुस्तिकावाली :
त्याला ‘टोपी’ लिहिलं. तुम्हीच वर ‘टोपीसारखा’ म्हणालात. जॉ तसाच ठेवला, क्लॅम्पही ठेवला, पण प्रत्येक आकृतीखाली क्रियापद दिलंय. ‘टेकू’ घेतला. कवळीबद्दल संपादक कुरकुरले, म्हणाले पोरं हसतील.

पुस्तिकावाली (चार दिवसांनी) :
पोरं हसली. मग एकानं मार्करनं सॉफ्ट जॉच्या खोक्यावर लिहिलं : ‘कवळी नं. ३, फ्लँजची. वापरून झाल्यावर धुऊन ठेवणे.’

तिसरी शिफ्ट :
धुऊन नको म्हणावं, हवा मारून तेल लावा. साध्या स्टीलची असेल तर गंजंल.