मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीत मांडवा ते रत्नागिरी, सागरी मार्गाने सायकल

सडाफटिंग
25 ते 30 डिसेंबर रजा आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, तिथून अलिबाग, मुरुड, दिघी, श्रीवर्धन, बागमांडला, केळशी, हर्णै, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी. तीनशे किलोमीटरच्या आसपास, सहा दिवस. परत रेल्वेने.

सायकल: 700×32 टायर, पुढे 50-34 दात, मागे 11-28 दात (आठ गिअर), रिम ब्रेक. वजन माझे 72 किलो, सायकल 12, सामान 12.

प्रश्न असे:
1. त्या आठवड्यात हा रस्ता सायकलला झेपण्यासारखा असतो का, की 66 नंबरचा हायवे बरा?
2. गिअर पुरतील का?
3. सुटे भाग काय घ्यावेत? वाटेत काय मिळते?

खाडीपल्याड
हायवेचा विचार सोडा. रुंद आहे म्हणून गाड्या शंभरने येतात आणि समुद्रही दिसत नाही. सागरी मार्ग अरुंद आणि वळणाचा असल्याने वेग आपोआप कमी असतो.

या रस्त्याची गर्दी दिवसभर सारखी नसते, ती झुंडीने येते. मुंबई-पुण्याहून रात्री निघालेली मंडळी सकाळी नऊ-दहापासून किनाऱ्यावर पोचू लागतात. मग दुपारी जेवणापर्यंत आणि पुन्हा चारनंतर सूर्यास्त बघायला निघालेली गर्दी. पहाटे ते साडेनऊ रस्ता तुमचा. सूर्योदय सातच्या सुमारास आहे, म्हणून सहाला दिव्यांसह निघून साडेनऊ-दहापर्यंत दिवसाचे दोन तृतीयांश अंतर उरकायचे.

अलिबाग ते मुरुड हा साधारण 50 किमीचा पट्टा सगळ्यांत वाईट. रेवदंड्याचा पूल, कोर्लई आणि काशीद इथे रस्त्याच्या दोन्ही कडेला गाड्या लावलेल्या असतात. 25 तारखेला पहिल्या बोटीने उतरून लगेच हा पट्टा मारायला गेलात तर काशीदला बरोबर गर्दीच्या वेळी पोचाल. त्यापेक्षा 24ला संध्याकाळी अलिबाग किंवा चौलला मुक्काम करा आणि 25ला अंधार असताना निघा.

जेटीवरचा
फेरीबोटीचे गणित वरच्या यादीत नाही, ते सांगतो. तुमच्या मार्गावर चार ठिकाणी फेरीबोट आहे: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सुट्टीत गाड्यांची रांग जेटीपासून वर चढापर्यंत जाते. सायकलला त्या रांगेत उभे राहायचे कारण नाही. उतरून, हातात धरून कडेने पुढे जा, माणसाचे आणि सायकलचे तिकीट काढा, बोटीवर बाजूच्या कठड्याला टेकवून पुढचा ब्रेक दाबून बांधून ठेवा. त्यासाठी रबरबँड पुरतो.

उतरताना मात्र घाई नको. फळी पडली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात. समोर चढ असतो आणि त्याच चढावर पलीकडच्या बोटीसाठी थांबलेली रांग अर्धा रस्ता अडवून उभी असते. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही आणि मागे पहिल्या गिअरवर घरघरणाऱ्या पंधरा गाड्या. म्हणून सर्वांत शेवटी उतरायचे, जेटीवर पाणी प्यायचे, सगळी वरात पुढे जाऊ द्यायची. त्यानंतर पुढची बोट लागेपर्यंत मागून कोणी येत नाही. चारही जेट्यांवर हे चालते.

ओहोटीला जेटीचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असते. तिथे सायकलवर बसून उतरू नका. क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट असतील तर काढून चप्पल घाला.

पंधराचा पाना
गिअरबद्दल. हा रस्ता म्हणजे खाडी, सडा (जांभ्याचे उघडे पठार), परत खाडी. दर वेळी समुद्रसपाटीवरून शंभर-दीडशे मीटर चढून पुन्हा शून्यावर. चढ लांब नाहीत, पण 10 टक्क्यांचे तुकडे सर्रास येतात.

34-28वर (पुढे 34, मागे 28 दात) पायंडलाच्या एका फेरीत सायकल 2.6 मीटर जाते. मिनिटाला 60 फेऱ्या धरल्या तर ताशी 9.4 किमी. तुमचे एकूण 96 किलो 10 टक्क्यांवर या वेगाने चढवायला अडीचशे वॅटच्या वर लागतात. एका चढाला जमेल, दिवसात आठव्या चढाला गुडघा बोलेल. मागे 11-34 टाकलीत तर तोच ताल ताशी 7.7वर राहतो आणि काम दोनशेच्या थोडे वर येते.

त्याआधी मागच्या डेरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा बघा. आखूड असेल तर 34 दात घेणार नाही. मध्यम असेल तर चालेल, पण जुनी साखळी आखूड पडते, तीही बदला. आणि हे निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. नवी केबल शंभरेक किलोमीटरमध्ये ताणते आणि गिअर उड्या मारू लागतात.

हवा: मागे 75-80, पुढे 60-65 पीएसआय. 100 भराल तर जांभ्याच्या खडीवर सायकल नाचेल आणि कॅरिअरचे बोल्ट ढिले होतील. त्या बोल्टना आत नायलॉनची कडी असलेले नट लावा, रोज संध्याकाळी एकदा पाना फिरवा.

सडाफटिंग
धन्यवाद. पिंजरा मध्यम आहे, 11-34 बसवतो. सुट्या भागांची यादी मिळेल का? आणि गावात 700ची ट्यूब मिळते का?

पंधराचा पाना
700ची ट्यूब रत्नागिरीच्या अलीकडे मिळेल हे गृहीत धरू नका. गावातल्या दुकानात साध्या सायकलची 28×1½ ट्यूब असते. तिची रिम तुमच्यापेक्षा किंचित मोठी आणि ट्यूब जाड, पण अडीनडीला 32च्या टायरात घडी पडू न देता बसवता येते. घोटाळा व्हॉल्व्हचा: तिचा दांडा 8 मिमीचा, आणि तुमच्या रिमला बारीक व्हॉल्व्हचे साडेसहाचे भोक असेल तर तो आत जाणारच नाही. म्हणून:

- ट्यूब 2, पॅच 8, सोल्यूशन नवे. फोडलेली नळी महिनाभरात सुकते. पंक्चरवाल्याचे 'सुलोचन' (म्हणजे सोल्यूशनच) आयत्या वेळी कामाला येते.
- पितळी अडॅप्टर 1. मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. कॉम्प्रेसर एका दमात भरू देऊ नका, ट्यूब फुटते. टप्प्याटप्प्याने.
- जुन्या टायरचा 5 सेंमी तुकडा, टायर कापला तर आतून लावायला.
- डेरेलर हँगर (डेरेलर फ्रेमला धरणारा तुकडा), तुमच्याच मॉडेलचा. बोटीवर सायकल आडवी पडली की हाच वाकतो आणि हा कुठेच मिळत नाही.
- 8-स्पीडची जोडकडी 2, साखळी तोडायचे हत्यार, केबल ब्रेकची 1 आणि गिअरची 1.
- मागच्या चाकाचे साखळीच्या बाजूचे स्पोक 3. तिथलेच तुटतात. पण ते बदलायला कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) काढावी लागते, म्हणून त्याचे हत्यार घ्या. मोठा पाना कुठल्याही गॅरेजात मिळतो. चाकाचा आउट (वाकडेपणा) निघण्याआधीच काढून घ्या.
- ब्रेक पॅडची 1 जोडी. रोज रात्री पॅडवर टोकदार सुई फिरवा. वाळूचे आणि अॅल्युमिनियमचे चमचमते कण रुतलेले दिसतात, ते उपटून टाका, नाहीतर उतारावर रिम खातात.

खाडीपल्याड
दोन गोष्टी रस्त्यावरच्या. पहिली, साइडपट्टी. पावसाने कडेची माती वाहून डांबराची कड तीन-चार इंच उंच राहिलेली असते. हॉर्न ऐकून खाली उतरलात तर तिरके वर चढू नका. पुढचे चाक कडेला घासत राहते, हँडल वळत नाही आणि तुम्ही मागच्या गाडीपुढे पडता. थांबा, उचला, मग चढा. मुळात कडेपासून मीटरभर आतच चालवा. आंधळ्या वळणावर तर हमखास, म्हणजे मागच्याला तिथे घुसावेसेच वाटणार नाही. वळण संपले की हाताने खूण करून जाऊ द्या. आरसा उजव्या हँडलला हवा.

दुसरी, आरे-वारे. गणपतीपुळे-रत्नागिरी मधला हा तुकडा देखणा आहे आणि नेमका म्हणूनच धोक्याचा. फोटोसाठी गाडी वळणावरच थांबते आणि बघता बघता दार उघडते. उभ्या गाडीपासून दीड मीटर सोडा. तिथून सकाळी आठच्या आत पार व्हा.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तेव्हा बंदराचा रस्ता तुंबतो. मुक्काम आंजर्ले किंवा आडे बाजूला ठेवा, सकाळी रिकामे हर्णै ओलांडा. खोल्या आत्ताच सांगून ठेवा, त्या आठवड्यात घरगुती सोयसुद्धा भरलेली असते.

ओहोटी
मुरुड-कर्दे (दापोलीचे मुरुड, जंजिऱ्याचे नव्हे) वाळूवरून गेले तर रस्ता टाळता येतो. वाळू घट्ट आहे.

पंधराचा पाना
येतो, पण भरतीची वेळ बघून. ती रोज पन्नासेक मिनिटे पुढे सरकते. आणि त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. बादलीने, हबवर जोराचा फवारा न मारता. साखळी पुसून तेल द्या. तेवढा कंटाळा येणार असेल तर डांबरावरच बरे.

जेटीवरचा
वाऱ्याचे राहिले. पहाटे मतलई वारा डावीकडून, जमिनीवरून येतो, फार त्रास नाही. अकरानंतर खारा वारा वायव्येकडून सुटतो. तुम्ही दक्षिणेला जाताय, म्हणजे तो तिरका पाठीशी. मांडव्याकडून निघण्याचा निर्णय बरोबर आहे, उलट करू नका. सड्यावर सावली नाही, दुपारी डिसेंबरातही तापते. तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर जवळ हवे.

सडाफटिंग
रेल्वेत सायकल कशी चढवायची?

खाडीपल्याड
रत्नागिरीला पार्सल ऑफिसात बुक करा, गाडीच्या दोन-तीन तास आधी. दिवे, पंप, बाटल्या काढून घ्या. नाव, फोन आणि उतरायचे स्टेशन लिहिलेली कापडी चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. डेरेलरच्या बाजूला पुठ्ठा लावा. सायकल तुमच्याच गाडीत चढेल याची खात्री नसते, म्हणून 30ला बुक करून 31ला सकाळी कामावर हजर व्हायचा बेत असेल तर चाके काढून पिशवीत भरून डब्यात न्या.

सडाफटिंग
24लाच निघतो मग. चौलला खोली मिळाली.